ग्रीनिचची मध्यरात्र आणि वेंगुर्ल्याचे खळे

मे २०२५ मधल्या १४ तारखेला दुपारी सव्वाबाराच्या सुमारास मला फोन आला, तो वेंगुर्ले तालुक्यातील एका महिला बचत गटाच्या काकींचा. त्यांनी कसलीही प्रस्तावना न करता सांगितले, "तुझो 'पावस नाय' मेसेज इलो, आणि मागसून पावस इलो." आमसुलांसाठी खळ्यावर वाळत घातलेली कोकमाची सालं भिजली होती आणि अंगणातून लाल पाणी वाहत होते. नेमकी त्याच सालांना आदल्या दिवशी रसाचे दुसरे पुट दिलेले होते. मीठ आणि रस मुरलेल्या सालांवर पावसाचे पाणी पडले की त्यांना बुरशी धरायला फार वेळ लागत नाही, हे कोकणात कोणाला सांगावे लागत नाही.

तो निरोप पाठवणारी व्यवस्था मीच कुडाळला बसून उभी केली होती. तिच्यात प्रोग्रॅम म्हणावा असा भाग थोडाच होता. एन-एट-एन हे २०१९ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेले लो-कोड, म्हणजे फारसा कोड न लिहिता कामे जोडता येणारे साधन आम्ही आमच्या सर्व्हरवर बसवले होते. त्यात एकेका कामाचा चौकोन, म्हणजे नोड, पडद्यावर ठेवायचा आणि तारेने दुसऱ्याला जोडायचा. पहिला नोड ठरलेल्या वेळी कामाला सुरुवात करून देई. दुसरा गिटहब या फाइली आणि त्यांतले बदल जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावरच्या आमच्या रिपॉझिटरीतून, म्हणजे फाइलींच्या साठ्यातून, जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपातली एक फाइल वाचत असे, जिच्यात गावाचे अक्षांश-रेखांश आणि किती मिलिमीटर पावसाला इशारा द्यायचा ती मर्यादा लिहिलेली होती. तिसरा ओपन-मेटिओ या हवामान-सेवेकडून पावसाचा अंदाज मागवी (ही सेवा व्यवसायासाठी वापरायची असल्यास वर्गणी भरून किल्ली घ्यावी लागते, ती आम्ही घेतली होती), आणि पुढचा नोड आकडा मर्यादेशी ताडून काकींना निरोप धाडी. शेवटी तोच आकडा तारखेसह रिपॉझिटरीतल्या एका नोंदवहीत ओळ म्हणून जोडला जाई. मर्यादा फाइलमध्ये ठेवल्यामुळे ती कोणी, कधी आणि का बदलली हे कायम दिसत राहते, याचा मला तेव्हा थोडा अभिमानही होता.

फोन ठेवल्यावर मी प्रथम अंदाजालाच दोष दिला. मेमधला गडगडाटी पाऊस सह्याद्रीच्या बाजूने अचानक चढून येतो आणि काही किलोमीटरच्या चौकटीत हिशेब करणाऱ्या प्रारूपांना तो हुकू शकतो, असे एक तयार उत्तर माझ्याजवळ होते. तरीही खात्रीसाठी नोंदवही उघडली. शेवटच्या ओळीत पाऊस शून्य होता. मग भारतीय हवामान विभागाचा १४ तारखेचा वेंगुर्ल्याचा आकडा पाहिला, तर तोही शून्यच. क्षणभर मला हायसे वाटले आणि लगेच स्वतःची लाज वाटली, कारण काकींच्या अंगणात तर पाणी वाहत होते. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजला जातो. म्हणजे १४ तारखेच्या नावाने नोंदलेला आकडा खरे पाहता १३ तारखेच्या सकाळपासूनचा होता, आणि आजची सर १५ तारखेच्या खाती जमा होणार होती.

एक दिवस दोन तारखांत असा वाटला जातो हे समोर आल्यावर मी आमचीच नोंदवही नव्या नजरेने पाहिली. गिटहबच्या पानावर माझ्या ब्राउझरने शेवटच्या नोंदीची वेळ १४ मे, पहाटे ५ अशी दाखवली होती, आणि त्या नोंदीने जोडलेल्या ओळीत तारीख होती १३ मे.

ही विसंगती टिपण्यासाठी मी एक पहारेकरी नोडही ठेवलेला होता. तो गिटहबकडून शेवटच्या नोंदीची वेळ मागवी, तिची पहिली दहा अक्षरे, म्हणजे तारीख, कापून घेई आणि अंदाजाच्या तारखेशी जुळते का ते पाही. न जुळल्यास रिपॉझिटरीत तक्रार उघडली जाई. महिनाभर एकही तक्रार उघडली गेली नव्हती, कारण गिटहबची एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला माहिती पुरवणारी सोय, वेळ देते ती जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत, शेवटी त्या वेळेची खूण म्हणून झेड लावून. आपली पहाटेची ५ म्हणजे तिकडची आदल्या रात्रीची ११.३०. दुसरीकडे ओपन-मेटिओला टाइमझोन सांगितला नाही तर ती दिवस ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून मोजते, हे तिच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेले आहे आणि मी ते वाचूनही मागणीत टाइमझोन घातला नव्हता. त्यामुळे मी 'आजचा' म्हणून यादीतला जो पहिला आकडा उचलत होतो, तो १३ तारखेच्या पहाटे ५.३० पासून १४ तारखेच्या पहाटे ५.३० पर्यंतचा, म्हणजे निरोप जाताना केवळ अर्धा तास उरलेल्या दिवसाचा होता. पहारेकरी नोडला दोन्ही तारखा १३ दिसत आणि तो समाधानाने पुढे जात असे. एन-एट-एनचे घड्याळ मुळात न्यूयॉर्कच्या वेळेवर असते, ते मात्र मी पहिल्याच दिवशी आठवणीने भारतीय वेळेवर आणले होते. टाइमझोनची बाब निकालात निघाली, असा माझा समज बहुधा तिथेच झाला असावा.

मग फेब्रुवारीपासून, काजूबिया वाळवण्याच्या दिवसांत, हे सगळे बरोबर कसे चालले होते? नोंदवहीत मागे मागे जाताना ७ एप्रिलला तारखांचा सांधा निखळलेला दिसला. त्याआधीची प्रत्येक ओळ त्याच दिवसाची होती आणि त्यानंतरची प्रत्येक आदल्या दिवसाची. कारण आठवायला वेळ लागला नाही. पाणी भरायला जाण्याआधी निरोप मिळाला तर बरे, असे काकी म्हणाल्या होत्या, आणि मी पहिल्या नोडमध्ये ६ च्या जागी ५ लिहिले होते. सकाळी सहाला ग्रीनिचमध्ये नवी तारीख लागून अर्धा तास झालेला असे, म्हणून ती चूक असूनही नसल्यासारखी होती. मर्यादेतला अर्धा मिलिमीटर बदलला तरी गिटहबवर त्याची नोंद राहत होती, पण वेळेचा हा बदल एन-एट-एनच्या चौकोनात झाला होता आणि त्याचा रिपॉझिटरीत मागमूसही नव्हता.

एप्रिलच्या अखेरीस एकदा कोरड्या दिवशी 'आज पाऊस' असा निरोप गेला होता, हेही तेव्हा आठवले. आदल्या दिवशी थोडी भुरभुर झाली होती. अंदाज चुकायचेच, असे म्हणून काकी आणि मी दोघेही हसलो होतो.

दुरुस्तीला वीस मिनिटेही लागली नाहीत. मागणीत आशिया/कोलकाता हा टाइमझोन घातला आणि दिवसाच्या बेरजेवर विसंबणे सोडून सकाळी ७ ते संध्याकाळी ७ या तासांचे आकडे घेऊन बेरीज केली, कारण सालं खळ्यावर असतात ती तेवढाच वेळ. पहारेकरी नोड आता दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणून मगच ताडतो. संपूर्ण वर्कफ्लो, म्हणजे नोडांची सगळी जोडणी, जेसन स्वरूपात काढून रोज रात्री रिपॉझिटरीत ठेवण्याचीही सोय केली. हे सर्व झाल्यावर १४ तारखेचा अंदाज पुन्हा मागवला, तर सेवेने दुपारसाठी पाऊस दाखवला. मात्र दुपार उलटल्यावर मागवलेला अंदाज पहाटेही तसाच होता की नाही हे त्यावरून ठरत नाही, म्हणून तो पुरावा मी कोणाला दाखवला नाही.

संध्याकाळी दुचाकीने वेंगुर्ल्याला गेलो. भिजलेल्यांपैकी वरच्या थरातली सालं निवडून पुन्हा मिठाच्या रसात घातली होती, खालची टाकून द्यावी लागली. मी ग्रीनिचचा सगळा प्रकार जमेल तसा समजावला. काकींनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि एवढेच विचारले की, निरोप आदल्या रात्री देता येईल का, म्हणजे ताडपत्री शोधायला वेळ मिळेल. तीही सोय केली. त्या वर्षी मान्सून २४ मे रोजी, नेहमीच्या १ जूनपेक्षा आठ दिवस आधी, केरळात पोचला आणि आमसुलांच्या हंगामातले मोजकेच दिवस हाती उरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागाच होतो. ५ वाजता ओळ जोडली गेली, तारीख १५ मे, अंदाज मर्यादेच्या वर, निरोप रवाना. सकाळी नऊला काकींचा फोन आला. "आज तू पावस सांगलस, आणि हय कडकडीत ऊन पडलाहा. सालां घालू काय नको?"