पावसाचं फझी मॉडेल: कुठलं जर-तर घ्यायचं?

चिपळूणच्या पावसाचं फझी मॉडेल (म्हणजे नुसतं खरं-खोटं नाही, तर 0 ते 1 मधली सत्यता मानणारं) पुढे सरकलंय मंडळी. हवामान खात्याच्या वर्गवारीत 24 तासांत 64.4 मिमी म्हणजे मध्यम आणि 64.5 झाला की मुसळधार, इशारे द्यायला अशी रेघ लागतेच, पण पाऊस असा दशांश मिमीवर पालटत नाही. म्हणून मी मुसळधारपणा 15 मिमीला 0 (अजिबात नाही), 115 ला 1 (पूर्ण) आणि मध्ये सरळ रेषा धरली, म्हणजे मिमीमागे 0.01.

आता जुना ढिगाऱ्याचा पेच (एक दाणा काढला तरी ढीग तो ढीगच, मग ढीग संपतो कधी?) लावून बघा. 115 मिमी मुसळधार, आणि अमुक मिमी मुसळधार असेल तर एक मिमी कमी पडलेलाही मुसळधारच, असं करत शंभर पायऱ्या उतरलं की 15 मिमीची रिपरिपसुद्धा मुसळधार! अशा प्रत्येक पायरीची सत्यता काढायला मी फझी तर्कशास्त्रातले तीन जर-तर लावून बघितले. ग्योडेलचं घेतलं (उतरताना खालच्या पायरीचा आकडा हीच सत्यता) तर मधल्या पायरीचीच सत्यता 0.49 वर येते, गोगेनचं भागाकाराचं वर छान चालतं पण तळाला 0.02 वरून 0.01 ला जाताना 0.5 होतं. वुकाशेविचचं (1 वजा घसरण) मात्र प्रत्येक पायरीला 0.99 देतं आणि शंभर वेळा 0.01 गळून शेवटी बरोब्बर 0. मला हेच पटतं, कारण प्रत्येक पायरी आपल्याला तितकीच खरी का वाटते ते यातच कळतं.

आणि ही सत्यता संभाव्यतेत मिसळू नका प्लीज. पाऊस पडून गेलाय, पर्जन्यमापकात 65 मिमी मोजलाय, माहिती पूर्ण आहे तरी मुसळधारपणा 0.5 च.

इथेच तत्त्वज्ञ किट फाइनचा 1975 चा आक्षेप टोचतो. फझी संचांची कल्पना मांडणाऱ्या झादेहच्या 1965 च्या मिन नियमाने ('आणि' म्हणजे दोन्हींतला लहान आकडा, 'नाही' म्हणजे 1 वजा) '65 मिमी मुसळधार आहे आणि नाही' हेही 0.5 येतं, जे कानाला साफ खोटं वाटतं. वुकाशेविचचं कडक 'आणि' (दोन्हींची बेरीज वजा 1, शून्याखाली नाही) त्याला 0 करतं, छान, पण मग 'मुसळधार आणि मुसळधार' पण 0 होतं, ते कसं चालेल? तर्कशास्त्रज्ञ हायेकच्या 1998 च्या मांडणीत दोन्ही 'आणि' एकत्र नांदतात, तेच मी घेतलंय, पण कुठलं कधी लावायचं हे अजून हातानेच ठरवावं लागतंय.

राहिला प्रश्न 15 आणि 115 चा. 14 का नाही? त्यासाठी पुढे टाइप-2 (सत्यतेला एकच आकडा न धरता आकड्यांचा पट्टा धरायचा) करून बघणारे, आंबा बागायतदार आणि रिक्षावाले यांना वेगवेगळं विचारून, प्रत्येकाची रेषा वेगळी ठेवून. कोणी केलं असेल तर पट्टा किती रुंद धरलात ते सांगा.