चौथ्या परिच्छेदातले उंदीर

पेपरात बातमी खालून कापली जाते. ऐन वेळी जाहिरात आली की शेवटचे परिच्छेद उडतात. त्यामुळे प्रेसनोटच्या पहिल्या दोन परिच्छेदांत जे असेल तेवढंच वाचकापर्यंत पोचतं, बाकीचं नशिबावर. एका संशोधन संस्थेच्या जनसंपर्क विभागात मी अशा नोटा लिहितो.

यावेळचा शोधनिबंध चांगला होता. एका वनस्पतीच्या अर्काने मधुमेही उंदरांची रक्तशर्करा उतरली होती. माझ्या मसुद्याचं शीर्षक होतं, 'वनस्पतीच्या अर्कामुळे उंदरांच्या रक्तशर्करेत घट'. संचालकसाहेबांकडून नोट परत आली तेव्हा शीर्षक झालं होतं 'मधुमेहींसाठी वनौषधीचा आशेचा किरण' आणि उंदीर चौथ्या परिच्छेदात गेले होते. मी हरकत घेतली.

"अहो, खोटं काय आहे त्यात? उंदीर आहेत की खाली."

शोधनिबंध ज्यांचा, त्या मॅडम समोरच बसल्या होत्या. त्यांच्या प्रकल्पाच्या मुदतवाढीचा प्रस्ताव दिल्लीत पडून होता. त्या काहीच बोलल्या नाहीत. शास्त्रज्ञांच्या अशा गप्प बसण्याला आमच्याकडे भिडस्तपणा म्हणतात. मला तो सोयीस्करपणा वाटतो.

दुसऱ्या दिवशी बातमी आली, दोन-दोन परिच्छेदांची. उंदीर कुठेच नव्हते. नोटेखाली माझा नंबर असतो, त्यामुळे सकाळपासून फोन सुरू झाले. औषध कुठे मिळेल, कुरिअर करता का, आईचं वय जास्त आहे तर चालेल का. दुपारी सोलापूरकडच्या एका आजोबांचा आला. "साहेब, ही पानं आमच्या बांधावर ढीगभर आहेत. कालपासून इन्सुलिन थांबवलंय. रोज किती खायची तेवढं सांगा."

इन्सुलिन थांबवू नका, आत्ताच डॉक्टरांना गाठा, हा प्रयोग उंदरांवरचा आहे, असं मी पुन्हापुन्हा सांगत राहिलो. "पण पेपरात तर उंदराचं नाव नाही," ते म्हणाले. शेवटी सुनेला फोन द्यायला लावला आणि तिला सगळं समजावलं.

साहेबांनी तोवर माध्यमांच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली होती: यांना विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही. खुलासा छापा म्हणून मी वार्ताहराला फोन केला, तर त्याने आमचीच नोट उघडून शीर्षक मला वाचून दाखवलं. "यातला माझा शब्द कुठला, तेवढं सांगा. मग छापतो." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांच्या ४६२ प्रेसनोटा तपासणारा एक अभ्यास २०१४ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. प्राण्यांवरचे निष्कर्ष फुगवून माणसांना लावणारी नोट असेल, तर तिच्यावरच्या ८६ टक्के बातम्यांत तोच फुगवटा होता. नोट संयमी असेल, तर १० टक्क्यांत. आणि फुगवल्यामुळे बातमी जास्त छापली जाते, याचा फारसा पुरावा मिळाला नव्हता. हे मी साहेबांना दाखवलं. "ते परदेशातलं झालं," म्हणाले.

खुलासा आतल्या पानावर चार ओळींत आला. मी त्याचं कात्रण मूळ बातमीच्या कात्रणाला टाचून वार्षिक अहवालासाठी दिलं. 'समाजाभिमुख संशोधन' या सदरात बातमी रंगीत छापली आहे. खुलासा अहवालात नाही.