‘मजा आली, सर’

तुकडीवर दबा धरून हल्ला झाला होता. परतलेल्या जवानांशी एकेक करून बोलायचं आणि पुन्हा गस्तीवर कोण जाऊ शकतो ते कळवायचं, एवढं माझं काम. कमांडिंग ऑफिसरांना त्याहून जास्त हवं होतं. “डॉक्टर, यातले खंबीर कोण आणि कच्चे कोण, एकदाचं सांगून टाका.”

हा हट्ट जुना आहे. पहिल्या महायुद्धात मनानं कोसळू शकणारे जवान आधीच ओळखता यावेत म्हणून मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ यांनी अमेरिकी सैन्यासाठी प्रश्नावली तयार केली; ती वापरात येण्याआधीच युद्ध संपलं. दुसऱ्या महायुद्धात भरतीच्या वेळीच चाळणी लावून लाखोंना नाकारलं, तरी आघाडीवर खचणारे काही कमी झाले नाहीत. चटकन घाबरणाऱ्या, काळजीखोर स्वभावाच्या माणसाला आघातानंतरच्या ताणविकाराचा धोका जास्त असतो, हे खरं. पण ते मोठ्या गटाबद्दल. समोर बसलेल्या एकट्या माणसाबद्दल त्यावरून पैज लावू नये.

सकाळी आलेला बडबड्या सार्जंट प्रत्येक वाक्याला विनोद करत होता. वैद्यकीय मदतनीसानं कुठल्या जखमीला काय दिलं ते क्रमवार सांगितलं. स्वतःबद्दल एक शब्द नाही. दोघांचीही झोप उडाली होती. स्वभावामुळे त्रास टळला नव्हता, त्याचं फक्त सोंग बदललं होतं.

मग तो आला. शांत, नीटनेटका. बराच वेळ गप्प बसला आणि एकदम म्हणाला, “मजा आली, सर. आयुष्यात इतकं जिवंत कधी वाटलं नव्हतं. मी विकृत आहे का?”

1946 साली स्वँक आणि मार्शां या दोन अमेरिकी डॉक्टरांनी लिहून ठेवलंय, की सलग साठ दिवसांच्या लढाईनंतर टिकून राहणारे दोन टक्के सैनिक आक्रमक, मनोविकृत वृत्तीचे असतात. तो आकडा इतक्यांदा उगाळला गेलाय, की लढाईत आनंद वाटला म्हणजे माणूस त्या दोन टक्क्यांतला, असं लोक धरूनच चालतात. मला ते पटत नाही. जीव वाचवायला धडपडणाऱ्या शरीरात जी रसायनं उसळतात, ती नशाही आणतात. अनेकांना हे जाणवतं, कबूल फार थोडे करतात.

मी त्याला विचारलं, “गोळीबार थांबवायचा आदेश आला तेव्हा थांबलास?”

“लगेच. पण थांबायला नको होतं असं वाटलं.” मान खाली. “ते कुणाला सांगू?”

“आत्ता मला सांगितलंस ना.”

त्यानंतर तासभर तो बोलत होता. लाजेनं त्याला जेवढं पोखरलं होतं, तेवढं त्या हल्ल्यानंही नव्हतं.

मी अहवालात लिहिलं : नियंत्रण शाबूत, अपराधभाव तीव्र, तूर्त गस्त नको, महिन्यानं पुन्हा भेट. महिना उलटण्याआधी ताणविकाराचं निदान करताही येत नाही. ऑफिसर वैतागले. “म्हणजे हा खंबीर की कच्चा?”

तो रकाना मी कोराच ठेवला होता.