आठव्या टाइलवर अडलेला कान

काल सकाळी पोहण्याच्या तलावाच्या खोल टोकाला, साडेतीन मीटरवर, मी गुडघे टेकून बसले आणि माझा डावा कान जराही दुखत नव्हता. मागच्या दोन नोंदी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना या वाक्याचे मोल कळेल. नऊ वर्षांच्या खंडानंतर आम्ही दोघांनी पुन्हा डायव्हिंग सुरू केले, तेव्हा काळजी होती ती उपकरणांची आणि नवऱ्याच्या गुडघ्याची. प्रत्यक्षात आमचे चार रविवार खाल्ले ते या कानाने.

उपकरणांचे आधी थोडक्यात सांगते. माळ्यावरून काढलेल्या दोन्ही बीसीडी, म्हणजे पाण्यात तरंगण्यासाठी हवा भरायची जाकिटे, रात्री फुगवून बाल्कनीत टांगल्या होत्या, त्या सकाळीही तितक्याच टणक होत्या, याचा मला मनापासून आनंद झाला. टाकीतली हवा तोंडाशी पोचवणारे रेग्युलेटर मात्र सर्व्हिसिंगहून परत यायला दीड महिना लागला. ज्यांना हिवाळ्यात समुद्रात उतरायचे आहे त्यांनी ते पावसाळ्यातच पाठवावेत. मास्कबद्दल माझे मत पक्के झाले आहे: नाकाचा भाग मऊ सिलिकॉनचा असावा आणि दोन बोटांत नाक सहज चिमटता यावे, बाकी सर्व दुय्यम. पुण्यातल्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत पुष्कळदा डायव्हिंगसाठी म्हणून पोहण्याचा गॉगल पुढे केला जातो. त्यात नाक बाहेर राहते, त्यामुळे खोलीवर आतला दाब वाढवता येत नाही आणि डोळ्यांभोवतीची त्वचा ओढली जाते. तो घेऊ नये.

आता कान. आमच्या तलावाच्या भिंतीला सहा इंची निळ्या टाइल्स आहेत. पहिल्या दोन रविवारी मी प्रत्येक वेळी पाण्याच्या पातळीपासून आठव्या टाइलशी अडले, म्हणजे सुमारे १२० सेंटिमीटरवर. खंडाळ्याचा घाट उतरताना बसतो तसा आधी दडा, मग सुई टोचल्यासारखी कळ. नाक दाबून फुंकले की उजवा कान लगेच सुटे, डावा ढिम्म. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासून पडदा उत्तम हलतो आहे असे सांगितले, त्यामुळे दोष कानाचा नसून माझ्या पद्धतीचा आहे, हे स्पष्ट झाले.

आठव्या टाइलचे कारणही त्यातच होते. कानाला घशाशी जोडणारी युस्टेशियन नलिका घशाच्या बाजूला मऊ असते. बाहेरचा दाब मध्यकर्णातल्या दाबापेक्षा पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरने वाढला की तिचे तोंड मिटून बसते, आणि मग कितीही फुंकले तरी उघडत नाही. हा फरक पाण्यात जवळपास सव्वा मीटरलाच तयार होतो. मी कळ येईपर्यंत थांबून मग फुंकत होते, म्हणजे दार बंद झाल्यावर कडी वाजवत होते. शिवाय तिथे जोर लावणे धोक्याचे असते, कारण त्याने आतल्या कानाला कायमची इजा होऊ शकते.

फुंकण्याची ही रीत, वलसाल्वा, छातीच्या जोरावर चालते. त्याऐवजी फ्रेंझेल ही दुसरी रीत शिकायचे ठरवले. त्यात घसा बंद ठेवून केवळ जिभेने तोंडातली हवा वर ढकलायची असते. इंग्रजीतल्या सूचनांनी माझा गोंधळच वाढला होता. वाट दाखवली ती आपल्या वर्णमालेने. नाक चिमटीत धरून, श्वास थांबवून, आवाज न काढता ‘क’ म्हणायचा. मी आजवर जे करत होते तो ‘ख’ होता, छातीतून हवा सोडणारा महाप्राण. अल्पप्राण ‘क’मध्ये जिभेचा मागचा भाग उचलला जातो आणि छाती स्वस्थ राहते. बेसिनच्या आरशासमोर एक तळहात पोटावर ठेवून रोज दहा मिनिटे सराव केला. पोट हलले की तो ‘ख’. बाराव्या दिवशी बोटांखाली नाकपुड्या किंचित फुगल्या, पोट हलले नाही आणि डाव्या कानात बारीक ‘टक्’ असा आवाज आला. मी तशीच ओल्या हातांनी नवऱ्याला उठवायला गेले.

तरीही चौथ्या रविवारी चौदाव्या टाइलशी पुन्हा अडले, आणि त्या दिवशी मी खरोखर खचले. उकल केली प्रशिक्षकांनी, बाजूने पाहून. नवरा माझ्याआधी भराभर खाली जात होता, मी त्याला नजरेआड होऊ न देण्यासाठी हनुवटी छातीला लावून खाली पाहत उतरत होते, आणि मान अशी वाकली की नलिका उघडणे अवघड जाते. तो भराभर का जात होता? बुडता यावे म्हणून कमरेला बांधायच्या त्याच्या पट्ट्यात सात किलो शिसे होते, जुन्या जाड वेटसूटच्या आणि समुद्राच्या हिशेबाने. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, म्हणजे उपकरणांसह शंभर किलोच्या माणसाला तलावात अडीच किलो शिसे कमी पुरते. आताचा पातळ सूट धरून त्याने तीन किलो उतरवले. रिकाम्या बीसीडीने, श्वास धरून तो डोळ्यांपर्यंत तरंगला आणि श्वास सोडताच सावकाश बुडू लागला. “इतकी वर्षं मी उगाच ओझं वाहत होतो,” पाण्यातून वर आल्यावर तो म्हणाला.

काल आम्ही दोरी धरून, समोरासमोर, पाय खाली ठेवून उतरलो. तो माझ्या डोळ्यांच्या पातळीच्या थोडा वरच राहिला, त्यामुळे माझी मान आपोआप ताठ राहिली. पहिला ‘क’ पाण्यावरच, मग दर दोन टाइल्सना एक. तेवीस टाइल्स, बारा ‘क’. आठवी टाइल कधी मागे पडली, ते मला कळलेच नाही.

यापुढचा बेत मालवणचा. शनिवारी दोन डाइव्ह, रविवारी सकाळी एक आणि लगेच अंबोलीमार्गे परत, असे ठरले होते. परंतु हे लिहितानाच लक्षात आले की अंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि पुणेही साधारण ५६० मीटरवर. डाइव्हनंतर शरीरात विरघळून राहिलेल्या नायट्रोजनचे उंचीवरच्या कमी दाबात बुडबुडे होऊ शकतात; म्हणून अनेक डाइव्हनंतर विमानप्रवासाआधी किमान १८ तास थांबावे, हा संकेत ६०० मीटरपासूनच्या उंचीला धरला जातो, तेव्हा घाटालाही तोच लावणे शहाणपणाचे. म्हणून रविवारी अकराच्या आत पाण्याबाहेर, रात्रीचा मुक्काम मालवणातच आणि सोमवारी पहाटे प्रस्थान. सोमवारच्या रजेचा अर्ज दोघांनीही आजच दिला. नौकेवाल्यांना नांगराच्या दोरीने उतरू द्याल का, असे विचारून ठेवले आहे, आणि ते नाही म्हणाले तर वजन लावलेली स्वतःची दोरी न्यायची, म्हणून आज संध्याकाळी त्या दोरीला दर तीस सेंटिमीटरवर, म्हणजे दर दोन टाइल्सच्या अंतरावर, गाठी मारायला बसणार आहोत.