अहवाल झाला, आता फॉर्म

ऑटिझमवर देशभर काम करणाऱ्या आमच्या संस्थेचा वार्षिक अहवाल आज इंदूर शाखेत वाचला गेला. शिबिरं, प्रशिक्षणं, फोटो, टाळ्या, सगळं झालं. पण माझ्या मते वर्षातलं खरं काम कागदपत्रांचं.

मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, हे कितीतरी घरांना ठाऊकच नसतं. नॅशनल ट्रस्ट (ऑटिझमसारख्या अपंगत्वांसाठीची केंद्र सरकारची संस्था) हिच्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. याच ट्रस्टच्या निरामय योजनेत १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचा खर्चही काही प्रमाणात बसतो. तेही कोणी सांगत नाही.

चहाच्या वेळी रामबागेतल्या एक काकू म्हणाल्या, "ताई, २ एप्रिलला, ऑटिझम दिनाला, निळे दिवे लावता ते ठीक. फॉर्म भरायला कोण बसणार?" अध्यक्षसुद्धा हसले. काकूंचा मुलगा तेव्हा कानांवर हात ठेवून बाहेर जिन्यात बसला होता. ऑटिझमच्या कार्यक्रमाला एवढा मोठा स्पीकर कशाला, हे मी लेखी विचारलंय. (उत्तर येईल तेव्हा येईल.)

तर, सोमवारपासून दुपारी फॉर्म भरायला मी बसतेय. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि आधारची झेरॉक्स आणा. पोहे माझ्याकडून.