चांदीवरची बेटं

शेवभाजीच्या रश्श्यावर तर्रीचे थेंब तरंगत असतात. त्यातले दोन शेजारी आले की क्षणभर एकमेकांना टेकून राहतात आणि मग गपकन एक होतात. हे बघत बसलं की भाकरी गार होते आणि "काय देखी ऱ्हायनी, जेव ना!" असं आजी ओरडते. अमळनेरातल्या पुष्कळ घरांत हे होत असणार.

असाच काहीसा प्रकार चांदीवर चालतो, हे मला आधी पटलंच नाही. जळगावच्या सराफ बाजारातून आणलेली वाटी काल ठेवली तिथेच आज सापडते. तिच्यात काय हलणार?

पण चांदीच्या स्वच्छ, सपाट पृष्ठभागावर चांदीचेच थोडे अणू सोडले, की ते स्वस्थ बसत नाहीत. उड्या मारत भटकतात, एकमेकांना भेटतात आणि घोळका करून बसतात. जेमतेम एक अणू उंचीचं, शेकडो अणूंचं बेट तयार होतं. ते दिसतं एका अतिशय अणकुचीदार सुईमुळे. १९८१ साली झुरिकजवळ गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर यांनी असा सूक्ष्मदर्शक बनवला की त्याची सुई पृष्ठभागाला न टेकता, फटीतून झिरपणाऱ्या विजेवरून खालचा चढउतार टिपते. १९८६ चं नोबेल त्यांना मिळालं.

अशी मोठी बेटं जागची हलत नाहीत, असं शास्त्रज्ञ बरेच दिवस धरून चालले होते. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात पॅट्रिशिया थील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की शेकडो अणूंची अख्खी बेटं साध्या खोलीच्या तापमानालाच सरकतात. वेग बघायचा तर तासाभरात काही नॅनोमीटर. आमच्याकडच्या सरकारी फायलीही बऱ्या.

सरकतात कशी, यात खरी गंमत आहे. रश्श्यातल्या तेलाला खालचं पाणी वाहून नेतं, शिवाय आपण चमचा घालतोच. इथे खाली घट्ट चांदी, ढकलणारं कुणी नाही. बेटाच्या मधले अणू चारी बाजूंनी बांधलेले असतात, ते तसेच बसून राहतात. धावपळ सगळी काठावरच्यांची. एखादा अणू पूर्वेची कड सोडतो, काठाकाठाने फिरून पश्चिमेला जाऊन चिकटतो. मग दुसरा, तिसरा. त्यांनी काही ठरवलेलं नसतं, उलट्या दिशेनेही साधारण तितकेच जातात. पण हिशेब दर वेळी अगदी बरोबरीत सुटत नाही आणि बेट इंचभर नव्हे, अणूभर सरकतं.

अशी भटकताना दोन बेटं भेटली तरी इथे गपकन काही होत नाही. चौकोनी बेटांचे कोपरे टेकले, तर आधी मध्ये एक बारीक मान तयार होते. मग काठावरचे अणू धावत येऊन त्या खाचेत बसायला लागतात, मान जाड होते, आकार हळूहळू पुन्हा चौकोनाकडे वळतो. गोंजारून गोंजारून केलेलं काम, कधी कधी तासभरही चालतं.

भटकत्या कणांच्या अशा एकत्र येण्याचं गणित मारियान स्मोलुकोव्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने १९१६ साली मांडलं होतं. आमच्या अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिरही १९१६ चंच. संबंध काही नाही, पण गावचं नाव घ्यायची संधी कोण सोडतं!

फिरून मिसळणं ही बेटं मोठी होण्याची एक तऱ्हा. दुसरी तऱ्हा ओस्टवाल्ड या रसायनशास्त्रज्ञाच्या नावाची. तिच्यात बेटं जागीच असतात, छोट्यातून अणू सुटून मोठ्याला जाऊन मिळत राहतात आणि छोटं बेट झिजून संपतं. चांदी तीच, पण स्फटिक कोणत्या बाजूने कापलाय त्यावर तऱ्हा ठरते. अणू चौकोनात मांडलेले असले तर बेटं मुख्यतः फिरून मिसळतात, षटकोनी मांडणीत मुख्यतः झिजतात. मला पहिली आवडते. दुसरी सावकारी वाटते.

उष्णता वाढली की या उड्या झपाट्याने वाढतात. म्हणजे पारा पंचेचाळीसला टेकणाऱ्या आमच्या मे महिन्यात वाटीवर केवढी पळापळ, असं वाटेल. पण नाही. हे सगळं बघायला हवा जवळपास पूर्ण काढून घ्यावी लागते. घरातल्या वाटीवर हवेतलं गंधक बसून काळा थर चढलेला असतो. दिवाळीला आम्ही ती विभूतीने खसाखसा घासतो, तेव्हा त्या काळ्याबरोबर चांदीचेही अणूंचे कितीतरी थर निघून मोरीत जातात. बेटांचं काय घेऊन बसलात!