बिलिंगचं सॉफ्टवेअर टाकलं आणि मराठी मजकूर फुटला : माझा अनुभव

कोल्हापुरात आमचा लहान छापखाना आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, अशी कामं चालतात. गेल्या लग्नसराईच्या आधी जीएसटीच्या बिलांसाठी नवीन सॉफ्टवेअर घेतलं. ते टाकल्यावर जे निस्तरावं लागलं, ते सविस्तर लिहितो आहे. जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे सगळ्या लिपींतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत येण्याआधीच्या) मराठी फॉन्टवर काम करणाऱ्या कुठल्याही छापखान्यात हेच होऊ शकतं.

पहिली अडचण साधी होती. सॉफ्टवेअर उघडेना. ‘व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल’ सापडत नाही, असा संदेश येई. बऱ्याच प्रोग्रॅमना चालण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ च्या काही सामाईक फाइली लागतात, त्यांतली ही एक. इन्स्टॉलरने त्या सोबत आणायला हव्या होत्या, आणल्या नव्हत्या. सर्व्हिसला येणाऱ्या मुलाने ती एकच फाइल पेनड्राइव्हवरून आणून ‘सिस्टिम३२’ फोल्डरमध्ये टाकली. आधीचा संदेश गेला आणि नवा आला : ०एक्ससी०००००७बी.

हा आकडा मात्र बरंच सांगतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो की ६४ बिटच्या प्रोग्रॅमला ३२ बिटची फाइल मिळाली, किंवा उलट. गोंधळ नावांमुळे होतो. ६४ बिट विंडोजमध्ये ‘सिस्टिम३२’त ६४ बिटच्या फाइली असतात आणि ३२ बिटच्या ‘सिसवाऊ६४’मध्ये. पेनड्राइव्हवरची फाइल ३२ बिटची निघाली. ती काढून टाकली, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून २०१५ ते २०२२ साठीचं एकत्रित पॅकेज घेतलं, एक्स८६ (३२ बिट) आणि एक्स६४ (६४ बिट) दोन्ही बसवली, मशीन रीस्टार्ट केलं आणि सॉफ्टवेअर उघडलं. सुटी डीएलएल फाइल कुठूनही आणून चिकटवायची पद्धत बंद व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. ती फाइल कुणी बनवली, कुठल्या आवृत्तीची आहे, तिच्यासोबत आणखी काय आलं, काहीच कळत नाही.

मग बिलांवर ग्राहकांची मराठी नावं प्रश्नचिन्हांत दिसू लागली. सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाने रिमोटवर मशीन घेतलं, काहीतरी बदललं, रीस्टार्ट करायला सांगितलं. नावं व्यवस्थित आली. आम्ही खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंनी हाक मारली, “दादा, जरा इकडे या. मॅटर फुटलंय सगळं.” आदल्या दिवशी प्रूफ गेलेली पत्रिका उघडली होती. बरीचशी अक्षरं शाबूत, पण जोडाक्षरं, काही मात्रा आणि रफार यांच्या जागी चौकटी नि प्रश्नचिन्हं. पार्टी संध्याकाळी छपाई घ्यायला येणार होती.

सर्व्हिसवाल्या मुलाचा सल्ला : फॉरमॅट मारू. मी नको म्हटलं. फॉरमॅट केल्यावर काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही, आणि तेच सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं की तेच पुन्हा होतं. आधी ती फाइल शेजारच्या छापखान्यात नेऊन उघडली. तिथे व्यवस्थित दिसली आणि पत्रिका तिथूनच काढून पार्टीची वेळ सांभाळली. म्हणजे फाइल शाबूत होती. फॉन्टमधली सगळी चिन्हं दाखवणाऱ्या विंडोजच्या कॅरेक्टर मॅपमध्ये फॉन्ट पाहिला, सगळी चिन्हं जागेवर. विंडोजच्या फाइली तपासणारी ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही आज्ञा चालवली, बिघडलेली सिस्टिम फाइल एकही नाही. रिलायबिलिटी मॉनिटर उघडला (रनमध्ये ‘परफमॉन /रेल’ टाकलं की उघडतो). त्यात कुठल्या दिवशी काय बसवलं आणि काय कोसळलं हे तारखेवार दिसतं. बिलिंगची नोंद होती, अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम मात्र कोसळलेला नव्हता. तो चालत होता, फक्त चुकीचं वाचत होता.

नेमकी कुठली अक्षरं फुटली याकडे लक्ष गेलं तेव्हा उलगडा झाला. जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी तुकडे बसवतात. एका बाइटमध्ये २५६ जागा. पहिल्या १२८ जागांवरचे तुकडे ठीक होते, त्यापुढचे सगळे गेले होते. जुना मजकूर यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) समजून वाचला की हेच घडतं : पहिल्या १२८ जागा तशाच राहतात, पुढच्या बाइटना एकेकट्याने काही अर्थ उरत नाही. कमांड प्रॉम्प्टवर ‘सीएचसीपी’ टाकलं; मशीन अक्षरांसाठी कुठली संकेतपद्धत (कोड पेज) वापरतं ते त्यातून कळतं. उत्तर आलं ६५००१, म्हणजे यूटीएफ-८. शेजारच्या मशीनवर ४३७, म्हणजे जुनी इंग्रजी संकेतपद्धत.

कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन, त्यात ॲडमिनिस्ट्रेटिव्ह, मग चेंज सिस्टिम लोकेल. तिथे ‘बीटा : यूज युनिकोड यूटीएफ-८ फॉर वर्ल्डवाइड लँग्वेज सपोर्ट’ या ओळीपुढे खूण केलेली होती. एका प्रोग्रॅमची नावं नीट दिसावीत म्हणून अख्ख्या मशीनवरच्या सगळ्या जुन्या प्रोग्रॅमांची भाषा बदलली होती, आणि ते आम्हाला सांगितलंही नव्हतं. अशा बदलाची नोंद रिलायबिलिटी मॉनिटरमध्येही सापडत नाही. खूण काढली, रीस्टार्ट केलं, पत्रिका पूर्ववत.

बिलांवर अर्थातच पुन्हा प्रश्नचिन्हं. इथे मी कंपनीशी नेटाने बोललो. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून प्रोग्रॅम बनवणाऱ्याला आपल्या मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमसोबतच्या सूचनांच्या फाइलमध्ये) ‘ॲक्टिव्ह कोड पेज’ यूटीएफ-८ ठेवता येतं. मग तो बदल त्या एका प्रोग्रॅमपुरता राहतो, बाकी मशीनला धक्का लागत नाही. पहिल्यांदा फोनवर उडवाउडवीची उत्तरं मिळाली. सगळं मुद्देसूद लिहून, दोन्ही स्थितींचे स्क्रीनशॉट जोडून पाठवलं, तेव्हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलीचा स्वतःहून फोन आला. तिला मुद्दा लगेच कळला. सुधारित आवृत्ती येईपर्यंत बिलांवर नावं रोमनमध्ये टाकली. आता दोन्ही प्रोग्रॅम एकाच मशीनवर नीट चालतात.

जुना मजकूर युनिकोडमध्ये न्यायला घेतला आहे. हे काम कन्व्हर्टरवर सोडून चालत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचं नेमकं उलट. जोडाक्षर मध्ये आलं की कन्व्हर्टर हमखास अडखळतो. त्यामुळे ताई प्रत्येक पान मूळ छापील प्रतीशी ताडून पाहतात. पतसंस्थांचे अहवाल आधी घेतले आहेत, कारण त्यांतला बराचसा मजकूर दरवर्षी पुन्हा लागतो.